छोट्या ट्रॅक्टरमागचा बॅकहो: नाशिकच्या मळ्यातले खोदाईचे गणित

निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्षपट्ट्यात छोटा ट्रॅक्टर घ्यावा की नको, हा प्रश्न आता उरलेला नाही. दोन ओळींत आठ ते दहा फुटांचे अंतर, वर तारांचा मांडव नाहीतर वाय आकाराचे अँगल, आणि छाटणीपासून काढणीपर्यंत ब्लोअरच्या फेऱ्या. या कामाला अंगाने मोठा ट्रॅक्टर उपयोगी नाही. म्हणून महिंद्राचा जिवो 245, कुबोटाचा बी 2441 असे पंचविशीच्या आतबाहेर अश्वशक्तीचे ट्रॅक्टर वस्तीवस्तीवर दिसतात. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आपल्याकडे घर मळ्यातच असते आणि घराभोवती सतत कुठेतरी खणावे लागते: पाइपलाइनचा चर, शोषखड्डा, शेडचा पाया, जुन्या बाभळीचा बुंधा, बांधाकडेची चारी. मग याच ट्रॅक्टरच्या मागे खोदाईचा हात, म्हणजे बॅकहो, बसवून घ्यावा का? बहुतेकांसाठी माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि काही थोड्यांसाठी ठामपणे ‘हो’ असे आहे. आपण कोणत्या गटात बसतो हे अश्वशक्ती पाहून कळत नाही. ते वजन, जमीन आणि तास या तीन गोष्टींवरून कळते.

वजनापासून सुरुवात करू, कारण खरेदीच्या वेळी सर्वांत कमी विचार त्याचाच होतो. बॅकहो खणतो तेव्हा तो माती स्वतःकडे ओढतो, आणि तेवढ्याच जोराने माती ट्रॅक्टरला खड्ड्याकडे ओढते. ही ओढ पेलण्याचे काम इंजिन करीत नाही. ते चाके आणि दोन्ही बाजूंचे टेकू जमिनीला किती घट्ट धरतात यावर ठरते. समजा ट्रॅक्टर 800 किलोचा आणि बॅकहो 350 किलोचा आहे. घर्षणाचा गुणांक 0.6 धरला, तर जागचे न हलता हे यंत्र सुमारे 690 किलोची ओढ सहन करील. टेकू मातीत रुतले तर थोडी भर पडेल. साडेसात टनांच्या आसपासच्या जेसीबी 3 डीएक्सला हेच सूत्र लावले, तर आकडा 4,500 किलोवर जातो. इंजिन 24 चे असो वा 30 चे, हे अंतर अश्वशक्तीने भरून निघत नाही.

दुसरा भाग उलटण्याचा. टेकू हा टेकण्याचा बिंदू मानला आणि ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य त्याच्या पुढे 1.4 मीटरवर धरला, तर त्याला सावरणारा आघूर्ण 1,120 किलो-मीटर होतो. बॅकहोचे स्वतःचे वजन मागे झुकते. त्याचे 175 वजा करा. उरलेल्या 945 ला हाताच्या 2.5 मीटर पोहोचेने भागले की 378 किलो येतात. भरलेले छोटे बकेट सत्तर-ऐंशी किलोचे असते, म्हणजे माती उचलण्यात अडचण नाही. अडचण बुंधा किंवा रुतलेला गोटा उपटताना येते. तिथे चालक नकळत यंत्राची सीमा ओलांडतो आणि पुढची चाके उठतात. पुढे लोडर किंवा वजनाचे ठोकळे असले तर हीच सीमा बरीच लांब जाते. अमेरिकेत घराभोवतीच्या कामासाठी विकला जाणारा कुबोटाचा बीएक्स 23 एस पुढे लोडर आणि मागे बॅकहो असा जोडीनेच येतो, आणि सुमारे सहा फूट खोल खणतो. केवळ मागचा हात विकत घेऊन आपण त्या यंत्राचा अर्धाच भाग घेतलेला असतो.

आता जमीन. नाशिक जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर वसला आहे. गोदावरी आणि कादवेच्या काठी निफाडकडे काळी माती खोल आहे. सिन्नर, येवला, चांदवडच्या माळावर मात्र ती अनेक ठिकाणी हातभरही नाही, लगेच मुरूम आणि त्याखाली कातळ. खोल काळ्या मातीत वाफसा असताना 690 किलोची ओढ पुरेशी आहे. अरुंद बकेट सहज खाली जाते. तीच माती ओली असली की बकेटला चिकटून बसते, झटकण्यात वेळ जातो, आणि कडक उन्हाळ्यात भेगाळून इतकी टणक होते की दात नुसते घासतात. खणण्याचे काम मात्र नेमके उन्हाळ्यात निघते. घट्ट मुरमात छोटा बॅकहो काम करतो असे म्हणणे मला धाडसाचे वाटते: तो मुरूम खरवडतो आणि त्या खरवडण्यात पिना, बुश आणि होजपाइप झिजतात. कातळ लागला तर जेसीबीसुद्धा थांबते, ब्रेकर लावावा लागतो. म्हणून यंत्र पाहायला जाण्याआधी एप्रिलमध्ये मळ्यात तीन-चार ठिकाणी मजुरांकडून चार फुटांचे खड्डे घ्यावेत. दोन फुटांखाली टिकाव चालत नाही, पहारच लागते, अशी जमीन असेल तर बॅकहोचा विचार तिथेच सोडावा.

तिसरी गोष्ट तासांची. पुढचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून पाहावेत. जेसीबीचे मागचे बकेट पाव घनमीटरच्या आसपासचे, छोट्याचे 0.04 घनमीटर. दोघांनी मिनिटाला एक बकेट काढले तर तासाला 15 आणि 2.4 घनमीटर माती निघते. 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतले सर्वांत मोठे तळे 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल. बाजूंचा उतार एकास एक धरला तर त्यातून 2,196 घनमीटर माती काढावी लागते. जेसीबीला हे 146 तासांचे काम. छोट्या बॅकहोला 915 तास, म्हणजे रोज आठ तास चालवून चार महिन्यांच्या जवळ. जेसीबीचे भाडे तासाला 1,200 रुपये धरले, तर छोट्या यंत्राच्या एका तासाची खरी किंमत फक्त 192 रुपये होते. तासाला तीन लिटर डिझेल जाळले तरी तेवढ्यात ते बसत नाही. मोठ्या खोदाईत हे यंत्र कितीही वर्षे वापरले तरी पैसे परत देत नाही, कारण ते प्रत्येक तासाला तोट्यात चालते.

चराचे चित्र वेगळे आहे. 300 मीटर पाइपलाइनसाठी 75 सेंटिमीटर खोल चर हवा. जेसीबी दोन फुटी बकेटने तो काढताना 135 घनमीटर माती उपसते. एक फुटी बकेटने तोच चर 67.5 घनमीटरमध्ये होतो. म्हणजे नऊ तास विरुद्ध अठ्ठावीस तास. भाडे 10,800 रुपये. इकडे डिझेल आणि चालक मिळून तासाला 370 धरले तर 10,360. चालू खर्चात बरोबरी झाली, पण तीन लाखांच्या जोडअवजाराचे व्याज, घसारा आणि दुरुस्ती अजून बाजूला आहे. ते वर्षाला साठ हजारांच्या घरात जाते आणि कुठूनतरी निघायला हवे.

ते कुठून निघते, याचे उत्तर जिथे जेसीबी जाऊच शकत नाही तिथे आहे. सव्वादोन मीटर रुंदीचे साडेसात टनांचे यंत्र घराच्या अंगणात आले तर फरशी, गटार आणि जमिनीखालचे पाइप मोडते. उभ्या बागेच्या कडेला ठिबकची मुख्य नळी फुटली तर तिथवर पोहोचताना दोन ओळी जातात. शिवाय उन्हाळ्यात सगळ्यांचेच शेततळे, सगळ्यांचीच लागवडीची चारी एकदम निघते, आणि दोन तासांच्या कामासाठी कोणी फिरकत नाही. वर्षभर असे तुटक काम असलेला, खोल काळ्या मातीचा आणि जवळजवळ घरे-गोठे-शेड असलेला मळा हा बॅकहोचा खरा धनी. मात्र मांडवाखाली तो चालेल अशी आशा धरू नये. ट्रॅक्टर तारांखालून जातो, पण खणताना हात वर उठतो आणि तारांना भिडतो. बागेत खणायचे असेल तर खरड छाटणीनंतरही आधी टेप लावून उंची मोजावी.

घ्यायचेच ठरले तर जोडणी पाहून घ्यावे. नुसत्या तीन टोकांच्या लिंकेजवर टांगलेला बॅकहो स्वस्त पडतो, पण त्याचे सगळे झटके लिफ्टच्या हातांवर आणि ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगवर येतात. ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढच्या धुऱ्यापर्यंत जाणारी चौकट असेल तर जोर पूर्ण अंगावर विभागला जातो. गावातल्या वर्कशॉपमध्ये केलेली जोडणी असली तर ट्रॅक्टरची वॉरंटी राहते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. पीटीओवर चालणारा वेगळा पंप आणि स्वतःची तेलाची टाकी असणे मला आवश्यक वाटते. ट्रॅक्टरचा स्वतःचा पंप लिफ्टपुरता असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्यामुळे ट्रॅक्टर आणि जोडअवजार यांची बिले वेगळी मागावीत, कर प्रत्येकाचा वेगळा तपासावा. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरने गावभर भाड्याची खोदाई करायची असेल, तर नोंदणी आणि विम्याचा प्रश्न आधी आरटीओत सोडवावा. आणि काळ्या मातीच्या चरात पावसानंतर कोणी उतरू नये. भेगाळलेली भिंत न सांगता ढासळते, आणि छातीइतक्या चरातही माणूस गुदमरतो.

ज्यांचे काम या दोन्हींच्या मध्ये पडते, म्हणजे जेसीबीला अडचण आणि ट्रॅक्टरच्या हाताला जड, त्यांनी दीड ते तीन टनांच्या मिनी एक्स्कॅव्हेटरकडे पाहावे. रबरी पट्ट्यांवर चालतो, जागेवर पूर्ण फिरतो, आणि त्याचे सगळे वजन खणण्याच्याच कामी येते. एका मळ्याला तो परवडत नाही. चार भाऊ किंवा एखादी शेतकरी उत्पादक कंपनी मिळून घेत असेल, तर वर्षातले तास भरतात आणि चालकही एकच, हात बसलेला, ठेवता येतो.