जादा पान

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले, की मला वार लावून जेवणाऱ्या मुलांची आठवण होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. असे आठवडाभर जेवून कित्येक गरीब पोरे शिकली. त्या घरांचे ऋण मोठेच. परंतु ते पान जात पाहून मांडले जाई. शेतकऱ्याच्या, अस्पृश्याच्या पोराला वार कोण देणार?

हे कोडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी सोडविले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले एका पंगतीस. कामेही सर्वांनी मिळून करायची. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्यास शाहू छत्रपतींचे नाव मिळाले.

पण नावाने का पोट भरते? एकदा धान्य संपले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले. १९३० साली ती माउली गेली. सोने मोडले, पोरे मात्र घडली.

उपाशी मुलापुढे फळ्यावरची अक्षरे व्यर्थ होतात, हे मास्तरकीत मी पाहिले आहे. वाचकहो, यंदा एक पान जादा मांडा. बसणाऱ्याची जात मात्र विचारू नका.