मालाच्या मापाचे विमान

विमानाने माल न्यायचा म्हटले की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो तो वजनाचा. परंतु अजस्र मालवाहू विमानांचा इतिहास चाळला, तर खरी अडचण पुष्कळदा वजनाची नसून आकारमानाची होती, असे आम्हांस दिसते. धान्याची पोती बैलगाडीत सहज बसतात. रिकामी कणगी मात्र बसता बसत नाही.

१९६१ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ते दशक संपण्याच्या आत चंद्रावर माणूस उतरविण्याचा संकल्प सोडला. त्या कामी लागणाऱ्या सॅटर्न अग्निबाणाचा वरचा टप्पा कॅलिफोर्नियात तयार होई, आणि उड्डाण व्हायचे ते खंडाच्या दुसऱ्या टोकाला, फ्लॉरिडात. इंधन भरण्यापूर्वी हा टप्पा म्हणजे पातळ पत्र्याची पोकळ टाकीच! वजन बेताचे, पण व्यास साडेपाच मीटर. रस्त्याने न्यावा तर पूल आडवे येत. जहाजाने न्यावा तर पनामा कालव्याच्या वळशात आठवडेच्या आठवडे जात.

या पेचातून वाट काढली ती जॅक कॉनरॉय नावाच्या माजी युद्धवैमानिकाने. जेट विमाने आल्यामुळे बोइंगची जुनी स्ट्रॅटोक्रूझर विमाने तेव्हा मातीमोलाने विकली जात होती. कॉनरॉयने त्यांतील एक घेतले, त्याची लांबी वाढविली आणि पाठीवर प्रचंड फुगा चढविला. जुने छप्पर आत तसेच ठेवून वर नवे उभारले. चाचण्या झाल्यावरच आतले कापले. यापायी त्याने राहते घर गहाण टाकले, हे विसरून चालणार नाही. १९ सप्टेंबर १९६२ रोजी ते प्रथम उडाले, तेव्हा विमानतळावरील अधिकाऱ्यांनी पोलीस व बंब सज्ज ठेवले होते. लोकांनी थट्टेने त्याला 'प्रेग्नंट गप्पी', म्हणजे गाभण गप्पी, म्हटले. (डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्याकडे हौदांत सोडतात, तोच हा मासा.) शेपटीकडचा अर्धा भाग सोडवून त्यात माल भरीत. आठवड्यांचा प्रवास तासांवर आला. चंद्रविजयाच्या कथांत या थट्टेच्या विमानाला दोन ओळीही मिळत नाहीत, हा आमच्या मते अन्यायच होय.

१९६५ साली याहून मोठे 'सुपर गप्पी' आले. त्याच वर्षी एका चाचणीत हवेच्या दाबाने त्याच्या फुग्याचा वरचा भाग खचला, तरी वैमानिकांनी ते सुखरूप उतरविले. पुढे युरोपातील एअरबस कंपनीने आपल्या विमानांचे निरनिराळ्या देशांत बनणारे सुटे भाग वाहण्यासाठी हीच विमाने वापरली. प्रतिस्पर्धी बोइंगच्या जुन्या सांगाड्यांवर एअरबसचा प्रपंच चालला, याची गंमत तिथल्या लोकांनाही वाटे. त्यांतील एक खोट मात्र जाचक होती. माल भरताना चालकाच्या खोलीसकट सारे नाक बाजूला वळवावे लागे. त्यासाठी नियंत्रणाच्या जोडण्या दर वेळी सोडवायच्या आणि पुन्हा जोडायच्या. १९९४ साली उडालेल्या 'बेलुगा' विमानात अभियंत्यांनी चालकाची खोलीच मालाच्या मजल्याखाली उतरविली. वरचे दार उघडले तरी खालची एकही तार सोडवावी लागेना.