धरणाच्या पाण्यातले पळसदेव

१/ इंदापूर म्हटले की मालोजीराजे भोसले यांची गढी प्रथम आठवते. त्याच तालुक्यातील दुसरे एक वारसास्थळ मात्र वर्षानुवर्षे नजरेआड राहते. ते आहे उजनीच्या जलाशयात बुडालेले जुने पळसदेव. #थ्रेड

२/ भीमाकाठच्या या गावाची ओळख म्हणजे पळसनाथाचे मध्ययुगीन शिवालय. खाली घडीव दगडाचे बांधकाम, वर विटा-चुन्याचे शिखर आणि परिसरात वीरगळ व सतीशिळा.

३/ वीरगळ खालून वर वाचावा. तळाच्या चौकटीत वीर लढताना किंवा धारातीर्थी पडलेला दिसतो. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर चंद्र-सूर्य असतात : ते आहेत तोवर त्याची कीर्ती राहील, हा त्यांचा अर्थ.

४/ वीरगळांवर बहुधा नाव कोरलेले नसते. राजे ताम्रपटांतून नावानिशी उरतात. गावासाठी पडलेल्या वीराची ओळख मात्र गावाच्या स्मरणावरच अवलंबून असते.

५/ १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. जलाशयामुळे भीमाकाठची अनेक गावे उठली. पळसदेव पुणे-सोलापूर महामार्गालगत नव्याने वसले. गावकऱ्यांनी पळसनाथासाठी नवे मंदिर उभारले. जुने शिवालय पाण्यात राहिले.

६/ उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा आहे. पातळी त्याखाली उतरली की धरण ‘उणे’ झाले म्हणतात. उणे आकडा बराच वाढला की आधी शिखर दिसते, मग संपूर्ण मंदिर. २०२४ च्या उन्हाळ्यात असेच घडले.

७/ म्हणजे येथे वारसा दिसणे हीच टंचाईची खूण. पर्यटक मंदिराची छायाचित्रे घेतात, तेव्हाच काठचा शेतकरी पंपाचा पाइप वाढवत मागे सरकणाऱ्या पाण्याचा पाठलाग करत असतो.

८/ तरीही नोंदणीची संधी याच दिवसांत मिळते : प्रत्येक शिळेचे मोजमाप, छायाचित्र, नेमकी जागा. त्याहून निकडीचे काम काठावर आहे. जुन्या गावात वाढलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. कोणती शिळा कोणाच्या अंगणाजवळ होती, तिला कोण शेंदूर लावत असे, हे तीच सांगू शकते. दगड पुढच्या दुष्काळात पुन्हा दिसतील. तेव्हा सांगणारे असतीलच असे नाही.