घेणे रोजचे, देणे वर्षाचे

आमच्या निपाणीच्या घरात दारू हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे. पाठशाळेत सप्तव्यसनं पाठ करून घेतली जात: जुगार, मांस, मद्य, वेश्या, शिकार, चोरी, परस्त्री. आम्ही मुली ती एका दमात म्हणून दाखवायचो. त्या सातांत तंबाखू नव्हती. असणार कशी? जुने ग्रंथ लिहिले गेले तेव्हा ती या देशात आलेलीच नव्हती, ती आली पोर्तुगिजांबरोबर. आणि आमचं घर चालायचं तंबाखूच्या वखारीवर. वडील रोज मंदिरात जाऊन अभिषेक करायचे, तिथून येऊन वखारीचं दार उघडायचे. यात काही विसंगत आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

माझे धाकटे काका १९७९ साली गेले, वय अवघं एकेचाळीस. 'पोटाच्या दुखण्यानं गेले,' असं सगळ्यांना सांगितलं गेलं. मी तेव्हा कॉलेजात होते. मलाही तेच सांगितलं, आणि मीही तेच पुढे सांगत राहिले. खरं काय ते काकूंनी फार उशिरा, त्यांच्या शेवटच्या आजारपणात सांगितलं. तंबाखूच्या वसुलीला म्हणून काका घाट उतरून गोव्याला जायचे. पेडण्याकडे हरमल म्हणून गाव आहे, तिथे एका घरी खोली घेऊन आठ-आठ दिवस प्यायचे. काकू म्हणाल्या, ''आपल्यात कोणी पीत नाही ना गं, मग मी सांगू कुणाला?''

हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. म्हणून गेल्या श्रावणात मी हरमलला गेले.

पावसातलं हरमल वेगळंच असतं. किनाऱ्यावरची शॅक उतरवलेली, विदेशी पाहुणे नाहीत, रस्त्यात गुरं बसलेली. डोंगराच्या कडेचं ते गोड्या पाण्याचं तळं पावसाने काठोकाठ भरलेलं. जिथे काका राहायचे ते घर सापडलं. तिथल्या मावशी आता ऐंशीच्या पुढच्या. त्यांना काका आठवत होते. 'तंबाकवाले शेट' म्हणायच्या त्यांना. मावशींच्या यजमानांचं दारूचं छोटं दुकान होतं. मार्च-एप्रिलला काजूची बोंडं तुडवायची, रस आंबवायचा, भट्टी लावायची. पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी. ''त्याच पैशांनी दोन मुली शिकवल्या गो बाय,'' त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ''मावशी, आम्ही तंबाखूवर शिकलो.'' दोघी जरा वेळ गप्प बसलो. मग त्या म्हणाल्या, ''सरकाराक बाटली दिसता गो, पिवपी दिसना.''

सरकारला बाटली दिसते, पिणारा दिसत नाही. घरी आल्यावर मी पुस्तकं काढून बसले, तेव्हा मावशींच्या या एका वाक्यात दीडशे वर्षांचा इतिहास आहे हे कळलं.

डिसेंबर १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात एक करार झाला. गोव्याच्या मिठावरचा ताबा इंग्रजांकडे गेला, त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. दारूच्या बाबतीत ब्रिटिश हद्दीतली अबकारी पद्धत गोव्यात आणायची असंही ठरलं. त्याच साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला होता. गोव्यात दारू स्वस्त राहिली तर ती सीमा ओलांडून येईल आणि आपला महसूल बुडेल, ही इंग्रजांची चिंता. जानेवारी १८८० पासून करार लागू झाला आणि १८९२ ला संपला. मिठागरवाल्यांना आणि माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांना त्याची झळ बसली. दोन सरकारं एकत्र बसली, माडामाडाचा हिशेब झाला, पण पिणाऱ्याच्या घराबद्दल त्यात काही नव्हतं.

आमच्या तंबाखूचीही तीच कथा. १९४३ पासून तिच्यावर केंद्राची अबकारी बसली. मला आठवतं, वखारीला आमच्या कुलपाबरोबर सरकारी कुलूप असायचं, आणि इन्स्पेक्टर आले की आई लगबगीने चहा टाकायची. एकेका बोदाची नोंद व्हायची. ती तंबाखू कुणाच्या तोंडात जाते आणि त्या तोंडाचं पुढे काय होतं, याची नोंद ना सरकारकडे ना आमच्याकडे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने सांगितलं की सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य आहे आणि औषधापुरता वापर सोडता मादक पेयं व द्रव्यं यांच्यावर बंदी आणण्याचा राज्याने प्रयत्न करावा. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. आमचं निपाणी १९५६ पर्यंत त्याच राज्यात. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, पण तिथे दारूबंदी आली नाही. १९६४ साली अबकारी शुल्काचा कायदा तेवढा झाला. म्हणजे घाटावर बंदी आणि घाटाखाली परवाना. काकांसारखी माणसं घाट का उतरायची, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं आमच्या घरात होतं. निपाणीत प्यायले असते तर कळलं असतं.

मग मी स्वतःला विचारलं, १९७९ साली काकूंनी धीर करून तोंड उघडलंच असतं, तर काकांना न्यायचं कुठे? पणजीच्या आल्तिनोवर पोर्तुगिजांनी १९५७ साली काढलेलं मनोरुग्णालय होतं. संमोहनशास्त्राचे आद्य अभ्यासक, कांदोळीचे आबे फारिया यांचं नाव त्याला दिलेलं. १९८० साली त्याची मानसोपचार संस्था झाली आणि आज ती बांबोळीला आहे. पण 'वेड्यांच्या इस्पितळात' नवऱ्याला नेणारी बाई त्या काळी कोण निघाली असती? दारू सोडवण्यासाठी म्हणून वेगळं काही असतं, हेच आमच्याकडे ठाऊक नव्हतं. सरकारचा त्यासाठीचा पैसाही तेव्हा सुरू झाला नव्हता.

तो सुरू झाला १९८५-८६ मध्ये. त्याच सुमारास शहरांतून गर्द पसरली होती. १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांचा नवा कडक कायदा लागू झाला. त्याआधी कित्येक राज्यांत गांजाची सरकारमान्य दुकानं होती, हे आज सांगितलं तर मुलं विश्वास ठेवत नाहीत. या कायद्याबरोबरच केंद्राच्या कल्याण खात्याने व्यसनमुक्तीच्या कामाला अनुदान देण्याची योजना आणली. आज ती सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आहे.

या योजनेची रीत समजून घ्या, कारण पुष्कळ गोष्टी त्यातच आहेत. सरकारने स्वतः केंद्रं काढली नाहीत, ती नोंदणीकृत संस्थांनी काढायची. मंजूर खर्चाच्या साधारण ९० टक्के अनुदान सरकारचं, उरलेले १० टक्के संस्थेने उभे करायचे. संस्थेने अर्ज करायचा, राज्याने तपासणी करून शिफारस करायची, मग मंजुरी आणि हप्ते. वर्षअखेरीला खर्चाचे दाखले द्यायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हीच वारी. अशा एका केंद्रात काम करणारी बाई मला म्हणाली, ''हप्ता लांबला की किराणावाल्याकडे उधारी होते ताई. पेशंटला कसं सांगणार, अनुदान आल्यावर ये म्हणून?''

तरी या पैशाने काही झालंच नाही असं म्हणणं पाप होईल. २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी सुरुवातीची मदत दिली, जागा येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारातली. पुढे सरकारी अनुदानाचाही आधार मिळाला. मला मुक्तांगणची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती 'सहचरी', म्हणजे पेशंटच्या बायकांची बैठक. काकूंना असं कुणी हक्काने बसवून विचारलं असतं तर! इकडे मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केलं होतं. त्यांचं एक केंद्र गोव्यात हणजुण्याला आहे, हरमलहून शापोरा नदी ओलांडली की बार्देश तालुक्यात. काकांच्या खोलीपासून तासाभराची वाट, पण त्यांना ती काही वर्षांनी चुकली.

आणखी एक गोष्ट गोव्याचीच आहे. 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून तिथे काम करते. तिने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठका बोलायचं. ३७७ पुरुष या अभ्यासात होते. तीन महिन्यांनी पाहिलं तर आधीच्या दोन आठवड्यांत दारूला अजिबात न शिवलेले, बैठका झालेल्यांत ४२ टक्के होते आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत १८ टक्के. लॅन्सेट या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. पैसा होता लंडनच्या वेलकम ट्रस्टचा. म्हणजे औषध सापडलं गोव्यात, गोव्याच्याच सरकारी केंद्रांत, आणि सापडवण्याचा खर्च केला सातासमुद्रापलीकडच्या ट्रस्टने. असे अभ्यास संपतात तेव्हा त्यांचा पैसाही संपतो. त्यानंतर तो समुपदेशक त्या खुर्चीवर बसून राहावा, यासाठी सरकारचा कायमचा पगार लागतो.

गरज किती आहे? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी माणसं दारू पितात. आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसलेतरी उपचार मिळतात. उरलेल्या सदतीस घरांत कोण काय करतं? तिथे एक बाई असते. ती पगार लपवते, उलटी पुसते, शेजाऱ्यांना 'पित्त झालंय' सांगते. तिला कोणतंही अनुदान नाही आणि तिच्याकडून कुणी दाखलाही मागत नाही.

एक साधा फरक बघा. दारूवरचा महसूल हा सरकारचा हक्क आहे, तो रोज जमा होतो. २०१७ ला जीएसटी आला, त्यातही पिण्याची दारू बाहेर ठेवली, कारण राज्यांना ते उत्पन्न सोडवेना. उपचाराचा पैसा मात्र 'अनुदान' आहे, तो मागावा लागतो आणि दर वर्षी नव्याने मागावा लागतो. व्यसन तर वर्षाच्या हिशेबाने सुटत नाही. माणूस सावरतो, पुन्हा पडतो, पुन्हा उठतो.

परतताना आम्ही डिचोली-साखळीवरून चोर्ला घाटाची वाट धरली. वाटेत कुडणे गावी थांबले. तिथे जुन्या जैन बसदीचे अवशेष आहेत, गावकरी त्या जागेला गुजीर म्हणतात. जांभ्या दगडाच्या पडक्या भिंती, त्यांवर शेवाळ. गोव्यात आपली माणसं किती जुनी आहेत हे तिथे कळतं. भिंतीपाशी उभी असताना मला आपल्याकडचे जुने दानलेख आठवले. दक्षिणेतल्या बसदींना राजे आणि राण्या जमीन देत, ती आचंद्रार्क, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत. आणि त्या लेखांत हटकून एक तरतूद असे, खंडस्फुटित-जीर्णोद्धाराची. जे मोडेल, तडकेल, त्याच्या दुरुस्तीचा खर्च दानातच धरलेला. वास्तू आज ना उद्या मोडणार हे देणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून ते देणं एका वर्षापुरतं नसे. दगडाच्या भिंतीसाठी जी समज होती, ती माणसासाठी का नसावी?

सरकारकडे हे मागायलाच हवं. पण मैत्रिणींनो, आपणही आपला हिशेब मांडू या. आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत: आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. आपल्या पंचकल्याणकाच्या बोल्या लाखांत जातात. त्यातला थोडा वाटा कुठल्या केंद्राच्या त्या १० टक्क्यांना गेला, तर ते औषधदानच आहे. आमच्या घराने तंबाखूवर मिळवलं, त्याचं काही परत करायला मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

अभयदानाला मात्र पैसा लागत नाही. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत दूरध्वनी आहे, तो घरात लिहून ठेवा. अमली पदार्थांच्या कायद्यात ६४ अ हे कलम आहे. थोड्या प्रमाणातल्या पदार्थासाठी किंवा सेवनासाठी पकडला गेलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी पूर्ण उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. पोराला पोलिस नेतील या भीतीने गप्प बसलेल्या आयांना हे सांगा. आणि मंदिरात, हळदीकुंकवाला, कुणी 'पोटाचं दुखणं' म्हणाली आणि तिचा आवाज अडखळला, तर तिला बाजूला घेऊन शांतपणे विचारा.

'आपल्यात कोणी पीत नाही' हे वाक्य मी माझ्या घरात बंद केलं आहे. आमच्यात धाकटे काका पीत होते. त्यातच ते गेले. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे, आणि काकूंचं काम थोडं पुढे नेल्यासारखं वाटतं आहे.