थांबलेला माग आणि संथ प्रोग्राम

नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात यंत्रमागाच्या कुठल्याही शेडमध्ये शिरलं, की त्या खडखडाटात एखादा माग मध्येच उभा राहिलेला दिसतो. ताण्याचा धागा तुटलेला असतो, नाहीतर धोट्यातली कांडी संपलेली असते. पण दिवसाचा किती वेळ माग असे उभे राहतात, हे काढायचं कसं? प्रत्येक मागापाशी घड्याळ देऊन माणूस बसवला तर त्याचा पगारच भारी पडेल. शिवाय डोक्यावर कुणी उभं असलं की विणकराचा हात नेहमीसारखा चालत नाही.

इंग्लंडच्या कापड गिरण्यांसाठी हाच प्रश्न एल. एच. सी. टिपेट या संख्याशास्त्रज्ञाने सोडवला आणि 1930च्या दशकात ती रीत मांडली. अधूनमधून फेरी मारायची आणि नजर पडेल त्या क्षणी माग चालू की बंद, एवढंच टिपायचं. हजार नोंदींत शंभर 'बंद' निघाल्या, तर माग सुमारे दहा टक्के वेळ उभे. चुकायचंच तर साधारण एक-दोन टक्क्यांनी. संगणकाच्या प्रोग्रामचा वेळ कुठे जातो, हेही असंच अधूनमधून डोकावून काढतात. संगणकवाल्यांनी हे टिपेटकडूनच उचललं असा माझा दावा नाही, गणित मात्र तेच.

प्रोग्राम संथ का, हे शोधताना प्रत्येक फंक्शनच्या दारात मोजणी बसवली, तर लाखो वेळा बोलावली जाणारी चिमुकली फंक्शन्स त्या मोजणीच्याच ओझ्याने दोषी ठरतात. डोनाल्ड कनुथ यांनी 1971 साली फोरट्रान भाषेतले प्रोग्राम तपासून दाखवलं, की निम्म्याहून जास्त वेळ सहसा चार टक्क्यांहून कमी कोडमध्ये जातो. मग सगळीकडे पहारा कशाला? 1982 साली बर्कलीत तयार झालेल्या जीप्रॉफ या प्रोफायलरने, म्हणजे प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या साधनाने, फंक्शन्सची बोलावणी मोजली, पण वेळ मात्र ठरावीक अंतराने नमुने घेऊन काढला. तरीही पाच ते तीस टक्के बोजा उरलाच.

मला सर्वांत मोठी झेप वाटते ती डिजिटल इक्विपमेंट कंपनीची, 1997 सालची. त्यांच्या प्रोफायलरने प्रोसेसरमधल्या मोजणी-यंत्रणेचा आधार घेतला. सेकंदाला पाच हजारांवर नमुने घेऊनही बोजा एक ते तीन टक्केच, त्यामुळे तो चालत्या कामावर सतत लावून ठेवता येई. नमुन्यांमधलं अंतरही त्यांनी मुद्दाम अनियमित ठेवलं होतं. प्रोग्रामचं एखादं काम सेकंदाला नेमकं शंभरदा होत असेल आणि आपणही शंभरदाच डोकावलो, तर दर वेळी तेच दिसेल, नाहीतर कधीच दिसणार नाही. लिनक्सवर 'पर्फ' हा प्रोफायलर चालवताना अनेक जण आजही सेकंदाला 99 नमुने मागतात, ते याचसाठी. एका नमुन्याला दहा मायक्रोसेकंद लागले, तरी सगळा खर्च सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका.

नुसता खर्च कमी करून भागत नाही. 2010 साली संशोधकांनी जावा भाषेसाठीचे चार नावाजलेले प्रोफायलर एकाच प्रोग्रामवर लावले, तर त्यांनी वेगवेगळी फंक्शन्स दोषी ठरवली. कारण ते जावाला सोयीच्या थांब्यांवरच नमुने घेत होते. नमुने खरोखर कुठल्याही क्षणी घेतल्यावरच दोष योग्य जागी दिसू लागला.