शृंगारकथेचे वाचक आणि त्यांचे पालक

शृंगारिक कथा-कादंबऱ्या वाचून पुरुषांच्या मनावर काय परिणाम होतो आणि स्त्रियांच्या मनावर काय होतो, हा प्रश्न आपल्याकडे चारचौघांत सहसा विचारला जात नाही. कायदा मात्र तो दीडशे वर्षे विचारीत आला आहे, आणि त्याचे उत्तर वाचकांना न विचारताच देत आला आहे. कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय कशासाठी घ्यावा, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. कारण साधे आहे. ज्यांची मने बिघडतील म्हणून या इतिहासात काळजी वाहिली गेली, त्यांच्या यादीत स्त्रिया आहेत, वयात येणारी पोरे आहेत आणि त्यांच्या शेजारीच नोकरचाकर व कामकरी माणसे आहेत. यादीत आमचे नाव घातले आहे, तेव्हा तिच्यावर दोन शब्द बोलण्याचा हक्कही आम्हांला आहे.

प्रारंभ आपल्या गोदावरीपासून करू. नांदेडच्या घाटांवरून जे पाणी पुढे जाते ते वर पैठणहून आलेले असते. त्या पैठणच्या सातवाहन राजवंशातील हाल राजाच्या नावावर ‘गाथासप्तशती’ हा संग्रह आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे छोट्या गाथा, आणि त्यांतल्या बहुसंख्य शृंगाराच्या. १९५६ साली स. आ. जोगळेकरांनी हा ग्रंथ विस्तृत प्रस्तावनेसह मराठीत आणला, त्यामुळे आपल्यासारख्या प्राकृत न येणाऱ्या माणसांचीही सोय झाली. या गाथांतील माणसे खेड्यातली आहेत: शेतकरी, पाटलाचा पोरगा, वाटसरू, परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बाई. कितीतरी गाथा स्त्रीच्या तोंडच्या आहेत, आणि रचनाकारांची जी नावे परंपरेने जपली त्यांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी स्त्रियांची नावेही आहेत. पुष्कळदा पुरुषानेच स्त्रीच्या तोंडी बोल घातले असतील, ही शंका रास्त आहे. तरीपण एक गोष्ट उरतेच. या भूमीवरच्या जुन्यांत जुन्या शृंगारकाव्यात स्त्री ऐकणारी आहे, बोलणारीही आहे. तिचे कान झाकून घ्यावेत असे तिथे कोणाला वाटलेले दिसत नाही.

कान झाकणारा पालक पुढे आला तो इंग्रजी कायद्याबरोबर. १८६० च्या भारतीय दंडविधानातील २९२ व्या कलमाने अश्लील पुस्तकाची विक्री हा गुन्हा ठरविला. परंतु अश्लील कशाला म्हणावे हे त्यात सांगितलेले नव्हते. ते सांगितले १८६८ साली विलायतेतील हिकलिन खटल्याच्या निकालाने. ज्यांची मने असल्या प्रभावाला सहज बळी पडतील आणि ज्यांच्या हाती ते पुस्तक पडू शकेल, अशा माणसांना बिघडविण्याचा कल पुस्तकात आहे काय, ही ती कसोटी. म्हणजे गावातल्या सर्वांत कच्च्या मनाच्या वाचकाची कल्पना करावयाची आणि त्याच्या मापाने साऱ्या गावाचे वाचन बेतावयाचे. असा कच्चा वाचक कोण, हे ठरविणारे लोक स्वतः त्यात कधीच नसत.

हे माप आपल्याकडे कसे लागले ते पाहण्यासारखे आहे. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपण नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला. त्यात कामक्रीडेचे वर्णन नव्हते. शिकलेल्या, वय वाढत चाललेल्या, लग्नाविना राहिलेल्या मुलींच्या मनातील इच्छा आणि कुचंबणा एवढेच होते. पण तेवढ्यावर वादळ उठले, निषेध झाले, आणि लेखिका खरोखर बाई आहे की बाईच्या नावामागे दडलेला पुरुष आहे, याची चर्चा रंगली. बाईने असे लिहिलेच कसे, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप होता. पुढे कळले की त्या मालतीबाई बेडेकर. प्रियकराचे नायिकेवरील प्रेम रंगवून सांगणाऱ्या पुरुषांच्या कादंबऱ्या त्याच काळी घरोघर वाचल्या जात होत्या. नायिकेने स्वतःच्या मनातले सांगितले, तेव्हा मात्र गहजब झाला.

दुसरे उदाहरण र. धों. कर्व्यांचे. ‘समाजस्वास्थ्य’ हे त्यांचे मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत, त्यांच्या अखेरीपर्यंत चालले. ते कथांचे मासिक नव्हते. पण वाचक तिथे मनातले प्रश्न विचारीत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून भरलेल्या खटल्यात १९३४ साली त्यांची बाजू मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दंड झाला. ज्या माणसांना प्रश्न पडले होते त्यांना उत्तर मिळण्याचा हक्क आहे की नाही, हा खरा मुद्दा होता.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि शाळा-कचेऱ्यांची भाषा उर्दू होती. म्हणून उर्दूतली हकीकतही आपलीच समजली पाहिजे. इस्मत चुगताई यांच्या ‘लिहाफ’ या १९४२ च्या कथेवर लाहोरला खटला झाला. नेमका अश्लील शब्द कोणता, हे साक्षीदाराला दाखविता आले नाही, असे त्यांनी आत्मकथनात सांगितले आहे. त्या सुटल्या. १९४५ साली हैदराबादेत पुरोगामी उर्दू लेखकांची परिषद भरली. तेथे साहित्यातील अश्लीलतेविरुद्ध ठराव आला. ठराव आणणारी मंडळी कर्मठ नव्हती, डाव्या विचारांची होती. साहित्याने जनतेच्या लढ्याकडे पाहावे, असे त्यांचे म्हणणे. त्याला विरोध केला तो मौलाना हसरत मोहानी यांनी! ठराव बारगळला. आमच्या चळवळीतल्या लोकांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. कामगाराच्या मनाचे पालकत्व घेण्याचा मोह क्रांतीची भाषा बोलणाऱ्यांनाही होतो.

हा मोह उघड्या शब्दांत व्यक्त झाला तो १९६० साली लंडनला. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीवरील खटल्यात सरकारी वकिलाने ज्यूरीला विचारले की, हे पुस्तक आपल्या बायकोने किंवा नोकरांनी वाचावे असे आपल्याला वाटेल काय? त्या ज्यूरीत नऊ पुरुष आणि तीन स्त्रिया होत्या. प्रश्न विचारणाऱ्याने त्या तीन स्त्रियांना जमेसच धरले नव्हते. शेवटी ज्यूरीने प्रकाशकांना निर्दोष ठरविले. माझ्या या साऱ्या हकीकतीत निकालाच्या खुर्चीवर स्त्रिया बसलेल्या दिसतात त्या एवढ्याच.

तीच कादंबरी विकल्याबद्दल मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्याला वीस रुपये दंड झाला होता. १९६४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली आणि हिकलिनची कसोटीही पत्करली.

त्याच सुमारास मराठीतला सर्वांत गाजलेला खटला चालू होता. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘शामा’ ही कथा आली होती. पुण्याच्या एका गृहस्थांनी फिर्याद केली की, अशा मजकुराने वाचकांची, विशेषतः तरुणांची मने भ्रष्ट होतात. खालच्या न्यायालयाने सोडले. उच्च न्यायालयाने लेखक आणि प्रकाशक यांना पंचवीस-पंचवीस रुपये दंड केला व अंक नष्ट करण्यास सांगितले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. जगनमोहन रेड्डी मूळचे आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातले. कथा वाङ्मय म्हणून फार उंचीची नसेल, पण तेवढ्याने ती अश्लील होत नाही, आणि समाजाची मापे बदलत आहेत, असा त्या निकालाचा मथितार्थ. मौज अशी की, त्याच १९६९ साली याच काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवर बेतलेला ‘दो रास्ते’ हा कौटुंबिक चित्रपट झळकला आणि बायकापोरांसह घरेच्या घरे तो पाहावयास गेली. एकाच लेखकाची एक कथा न्यायालयात होती आणि दुसरी कुटुंबवत्सल म्हणून डोक्यावर घेतली जात होती. वाचक-प्रेक्षक मात्र बहुधा तेच होते.

सात वर्षे या खटल्यात तरुण वाचकांच्या मनाची चर्चा झाली. निकाल देणारे सारे पुरुषच होते, कारण सर्वोच्च न्यायालयावर पहिली स्त्री न्यायाधीश आली ती १९८९ साली.

तेव्हा वाचकांची खरी प्रतिक्रिया काय असते? अमेरिकेत किन्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. नग्न चित्रे पाहून मन चाळवते असे पुरुषांपैकी शेकडा ५४ जणांनी सांगितले, स्त्रियांपैकी केवळ १२ जणींनी. चावट गोष्टी ऐकून तसे होते असे सांगणारे पुरुष ४७ आणि स्त्रिया १४. इथवर आपली समजूत खरी ठरल्यासारखी वाटते. पण कथा-कादंबऱ्यांतील शृंगाराचा प्रश्न आला तेव्हा आकडे निघाले पुरुष ५९, स्त्रिया ६०! हे आकडे त्या काळच्या अमेरिकेतील, तेही मुलाखत देण्यास तयार झालेल्या माणसांचे. ते जसेच्या तसे लातूर-नांदेडला लावता येणार नाहीत. मला त्यातून एवढेच दिसते की, फरक वाचकाच्या जातीपेक्षा मजकुराच्या जातीत अधिक आहे. चावट गोष्ट पुरुषांनी पुरुषांच्या बैठकीसाठी रचलेली असते; तिथे बाई हसत नाही यात नवल ते काय? जिथे नायिकेला मन असते, तिथे स्त्री-वाचकही पुरुषाइतकीच रमते.

लातूरला आमच्या युनियनच्या कचेरीत पुस्तकांचे एक कपाट होते. डाळ मिलमधले हमाल आणि निवडणीच्या कामावरच्या बाया हे आमचे सभासद. देवघेवीची वही मीच लिहीत असे. तीत प्रेमकथेच्या कादंबऱ्या नेणारी नावे जवळजवळ सारी पुरुषांची. पण “याच लेखकाचं दुसरं आहे का, घरून विचारलंय,” असा निरोप घेऊन तोच पुरुष परत येई. पुस्तक नवऱ्याच्या नावावर, वाचन बायकोचे. पुरुषाची तऱ्हा निराळी. बसस्थानकावर मिळणारे पिवळे पुस्तक तो खिशात घालून आणी, जेवणाच्या सुट्टीत एकजण वाची आणि चारजण हसत. पुरुषाला हसण्याची मुभा होती, बाईला वाचते असे म्हणण्याचीही नव्हती. ती मुभा नसल्यामुळे तिची प्रतिक्रिया कोणाच्या कानी येत नसे, आणि कानी येत नाही म्हणून ती नाहीच, असे धरले जाई.

एकदा असले पिवळे पुस्तक निवडणीच्या शेडमध्ये सापडले. आता बायका लाजतील किंवा संतापतील, अशी माझी अटकळ होती. एक प्रौढ बाई चार पाने वाचून शांतपणे म्हणाली, “भाऊ, ह्यात बाई नको म्हणती, तवा लिवणाऱ्याला ऐकूच येत नाही.” अश्लीलतेवरचे पुष्कळ निकाल मी पुढे वाचले, इतकी नेमकी टीका त्यांत थोडी आढळली. तिचा आक्षेप शृंगाराला नव्हता. गोष्टीतल्या बाईचे ऐकून घेतले जात नाही, याला होता. १९८४ साली जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने अमेरिकेतील एका गावातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या गृहिणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या बायकांनीही हेच सांगितले की, नायिकेवर बळजबरी करणाऱ्या, तिला वस्तूसारखी वागविणाऱ्या कथा त्यांना नकोशा वाटतात. आणि वाचनाचा तो तास घरकामातून काढलेला त्यांचा स्वतःचा तास असतो. निवडणीच्या शेडमधली बाई आणि त्या गृहिणी यांच्यात सात समुद्रांचे अंतर, पण तक्रार एकच.

आता लातूरच्याच न्यायालयापाशी येऊ. १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या, सभासदांपुरत्या निघणाऱ्या पत्रिकेत वसंत दत्तात्रय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता छापली गेली. फिर्याद झाली, आणि २९२ कलमाखालील तो खटला लातूरहून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ती काही कामकथा नव्हे. पण अश्लीलतेचा तोच कायदा, आणि तो कामगार-संघटनेच्या घरातल्या कागदाला लागला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दुसऱ्या खटल्यात हिकलिनची कसोटी सोडून आजच्या समाजाचे माप धरावे असे सांगितले होते. तरी २०१५ च्या या निकालात, क्षमा मागितलेल्या संपादकाला मोकळे केले गेले आणि कवीवरील खटला पुढे चालावा असे ठरले. ज्या सभासदांसाठी पत्रिका निघत होती, त्यांना काय वाटले हा प्रश्न याही वेळी बाजूलाच राहिला.

२०२४ पासून दंडविधान जाऊन न्यायसंहिता आली. कलमाचा आकडा बदलला, अश्लीलतेची व्याख्या बहुतांशी तीच राहिली. दरम्यान वाचन मोबाईलवर गेले. नवऱ्याच्या नावावर पुस्तक मागविण्याची गरज संपली. बाई आता स्वतःच्या पडद्यावर हवे ते वाचते, आणि क्वचित टोपण नावाने लिहितेही. त्याच पडद्यावर बाईला ओरबाडणारा मजकूरही ढिगाने येतो, आणि तो पाठवून छळणारेही निघतात. त्या छळाला आळा घातलाच पाहिजे. त्यासाठी वाचक बिघडेल काय, हा पालकाचा प्रश्न उपयोगाचा नाही. या गोष्टीत बाईला माणूस धरले आहे काय, तिचे नको ऐकले जाते काय, हा वाचकाचा प्रश्न उपयोगाचा आहे. आणि तो विचारण्यास वकील लागत नाही.

आपल्या नांदेड-लातुरात सार्वजनिक वाचनालये आहेत, आणि कोणती पुस्तके घ्यावयाची हे तिथे कोणीतरी ठरवीत असतेच. त्या बैठकीत किती स्त्रिया बसतात आणि किती कष्टकरी बसतात, एवढे आपण आपापल्या गावी जाऊन मोजावे. आकडा लहान निघाला, तर पुढल्या वर्गणीदार सभेत तो विषय मांडावा.