थळ घाटातील बँकर इंजिने

थळ घाटातील बँकर इंजिने ही मध्य रेल्वेच्या कल्याण–इगतपुरी मार्गावर कसारा ते इगतपुरी या चढावर गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने होत. शहाड, आंबिवली, टिटवाळा या उपनगरी स्थानकांवरून येणारी मेल गाडी कसाऱ्यापर्यंत सामान्यतः एका इंजिनाने येते. तेथून पुढे १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर अंतरास १ मीटर उंचीचा, चढ लागतो. भारतातील ब्रॉडगेज मार्गांवरील सर्वांत तीव्र चढांत त्याची गणना होते. थळ घाटाला कसारा घाट असेही म्हणतात.

पार्श्वभूमी

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने हा घाटमार्ग १८६५ मध्ये वाहतुकीस खुला केला. आरंभी घाटात गाडीची दिशा उलटवावी लागे, त्यासाठी ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होते. पुढे आखणी बदलून ते काढून टाकण्यात आले. कल्याण–इगतपुरी मार्गाचे १,५०० व्होल्ट डीसी प्रणालीने विद्युतीकरण १९३० मध्ये पूर्ण झाले.

त्या वेळी मालगाड्यांसाठी ईएफ/१ (नंतरचे नाव डब्ल्यूसीजी-१) ही २,६०० अश्वशक्तीची इंजिने आणली गेली. लांब नाकाडाच्या आणि चालताना करकरणाऱ्या या इंजिनांना रेल्वे कर्मचारी ‘खेकडा’ म्हणत. त्यांच्या प्रत्येक बोगीतील दोन मोटरी दंतचक्रांद्वारे एक आडवा दंड फिरवीत आणि त्याला जोडलेल्या दांड्यांमुळे तिन्ही आस एकत्र फिरत. एखादे चाक एकटेच घसरू नये, हा या रचनेचा मोठा फायदा होता. उतारावर मोटरी जनित्राप्रमाणे चालवून वीज तारेत परत देण्याची सोयही त्यांत होती. यातील एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

चढाचे गणित

१:३७ च्या चढावर प्रत्येक टन वजनामागे सुमारे २७ किलो बल केवळ गुरुत्वाकर्षणावर मात करण्यात खर्ची पडते. १,३०० टनांची प्रवासी गाडी आणि १२३ टनांचे इंजिन धरल्यास हे बल सुमारे ३८.५ टन, म्हणजे ३७७ किलोन्यूटन होते. वळणांचा आणि घर्षणाचा रोध यात धरलेला नाही.

डब्ल्यूएपी-७ या प्रवासी इंजिनाचे कमाल कर्षणबल सुमारे ३२२ किलोन्यूटन आहे; म्हणजे अशी गाडी ते एकट्याने घाटात सुरूही करू शकत नाही. त्याचाच मालवाहू भाऊ असलेल्या डब्ल्यूएजी-९ चे मूळ कर्षणबल ४६० किलोन्यूटन आहे. दोघांच्या मोटरी सारख्याच आहेत, मूळ वजनही जवळपास तेच. मुख्य फरक दंतचक्रांच्या गुणोत्तरात आहे: डब्ल्यूएजी-९ मध्ये ७७:१५ आणि डब्ल्यूएपी-७ मध्ये ७२:२०. पहिले गुणोत्तर दुसऱ्याच्या सुमारे १.४३ पट आहे आणि कर्षणबलही तितक्याच पटीने अधिक. त्याची किंमत वेगात मोजावी लागते. डब्ल्यूएजी-९ चा मूळ कमाल वेग ताशी १०० किमी, तर डब्ल्यूएपी-७ चा १४० किमी आहे.

मात्र गुणोत्तर वाढवून मिळालेले बल रुळावर उतरायला चाकांची पकड लागते. ४६० किलोन्यूटन म्हणजे इंजिनाच्या वजनाच्या जवळपास ३८ टक्के. पावसाने ओल्या झालेल्या रुळावर ही पकड टिकवणे कठीण, म्हणून चाकांखाली वाळू सोडावी लागते. डब्ल्यूएजी-९एच या उपप्रकाराचे वजन मुद्दाम १३२ टनांपर्यंत वाढवले गेले, ते याच कारणाने.

रस्त्यावरही नियम तोच आहे. शेजारच्या मुंबई–नाशिक महामार्गावरून ट्रेलर ओढत घाट चढणाऱ्या पिकअपला डिफरन्शियलमध्ये मोठे गुणोत्तर दिल्यास जोर वाढतो, पण सपाटीवरील वेग कमी होतो आणि इंधन अधिक जाते. क्लच, गिअरबॉक्स आणि त्यातील तेलाचे तापमान या जोराला पुरे पडले नाहीत, तर हा बदल उलट अंगाशी येतो. शिवाय ब्रेक जुनेच राहिले तर जोर वाढवणे धोक्याचेच.

बँकर मागे का

पुढेच आणखी इंजिने लावली तर संपूर्ण गाडीचा ताण पहिल्या डब्यांच्या कपलिंगवर येतो. कपलिंग तुटल्यास मागचे डबे उतारावर घरंगळू लागतील. मागून रेटल्यास हा ताण विभागला जातो आणि तुटलेला भागही बँकरच्या आधाराने थोपवता येतो. बेलगाम सुटलेल्या गाडीसाठी घाटात ‘कॅच सायडिंग’ ठेवल्या आहेत. त्यांवर वळवलेली गाडी चढावर जाऊन थांबते. इगतपुरीला बँकर सोडवले जातात.

सद्यस्थिती

डीसी काळात डब्ल्यूसीजी-२ इंजिने बँकर म्हणून वापरात होती. मार्ग २५ किलोव्होल्ट एसी प्रणालीवर गेल्यावर त्यांची जागा प्रामुख्याने ५,००० अश्वशक्तीच्या डब्ल्यूएजी-७ ने घेतली. बँकर जोडण्या-सोडण्यात गाडीचा वेळ जातो. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या मुंबई–हजरत निजामुद्दीन राजधानी एक्सप्रेसला त्यानंतर काही आठवड्यांतच दोन्ही टोकांना इंजिने लावून चालवण्यात येऊ लागले, त्यामुळे तिला कसाऱ्याला बँकरसाठी थांबावे लागत नाही.